झिजणारे भाग बदलता येऊ द्या: हातातली गेमिंग कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
निन्टेंडो, व्हॉल्व, एसुस, लेनोवो, एमएसआय, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांचे रचना व उत्पादन विभाग

स. न. वि. वि.

मी पुण्यात मोबाइल, लॅपटॉप आणि हातात धरून खेळायची गेमिंग कन्सोल दुरुस्त करण्याचे काम करतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्वचा स्टीम डेक आला, २०२३ मध्ये एसुसचा आरओजी ॲलाय आणि लेनोवोचा लिजन गो आले, २०२४ मध्ये एमएसआयचा क्लॉ आला, ५ जून २०२५ रोजी निन्टेंडोने स्विच २ विक्रीस आणला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने एसुसच्या साथीने एक्सबॉक्सचे नाव मिरवणारा ॲलाय बाजारात उतरवला. स्मार्टफोन आल्यावर हातातल्या कन्सोलचे दिवस भरले, असे दहा वर्षांपूर्वी सर्रास बोलले जात होते. त्याच बाजारात आज एवढी चुरस लागलेली पाहून मला मनापासून आनंद होतो. मात्र ही चुरस नेमकी कोणत्या गोष्टींवरून चालली आहे, याबद्दल आपल्याशी स्पष्ट बोलणे गरजेचे वाटल्याने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे यंत्राच्या रचनेविषयी आहे. टीव्हीला जोडायच्या कन्सोलमध्ये सर्वांत जास्त झिजणारा भाग म्हणजे कंट्रोलर. तो मुळातच वेगळा असतो. बिघडला तर दुसरा आणता येतो आणि मुख्य यंत्राला त्याची झळ लागत नाही. हातातल्या कन्सोलमध्ये मात्र अंगठ्याने कलवायची स्टिक, बटणे, बॅटरी, पडदा, मेमरी आणि प्रोसेसर हे सारे एकाच कवचात कोंबलेले असते. यातले प्रोसेसर आणि पडदा नीट सांभाळले तर दहा वर्षेही चालू शकतात. स्टिक मात्र खेळणाऱ्याच्या हातानुसार वर्षा-दोन वर्षांतही झिजते, आणि बॅटरी काही शे वेळा चार्ज झाल्यानंतर क्षीण होऊ लागते. म्हणजे काही शे रुपयांचा भाग पन्नास-साठ हजारांच्या यंत्राचे आयुष्य ठरवू लागतो. पडद्याचे इंच, चित्रांचा वेग आणि प्रोसेसरचे वॉट यांवरून आपण एकमेकांशी स्पर्धा करता. पण ज्या भागांमुळे ग्राहक शेवटी यंत्र कपाटात टाकून देतो, त्यांच्यावरून स्पर्धा होताना फारच थोडी दिसते.

स्टिकचा बिघाड कसा होतो हे आपल्या अभियंत्यांना मी सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र खेळणारेही वाचतील म्हणून सांगतो. नेहमीच्या स्टिकच्या पोटात कार्बनचा एक पातळ पट्टा असतो आणि त्यावरून एक छोटीशी पत्ती घासत पुढे-मागे सरकते. पत्ती पट्ट्यावर कुठे टेकली आहे त्यावरून विद्युतदाब बदलतो आणि स्टिक किती कलली आहे हे यंत्राला कळते. हजारो वेळा घासल्यावर कार्बनची बारीक काळी भुकटी सुटते, पट्ट्यावर खाचा पडतात, आणि स्टिक मधोमध सोडलेली असतानाही यंत्राला ती कललेली भासते. मग पडद्यावरचे पात्र कोणी हात न लावता डावीकडे चालू लागते. यालाच सगळे ड्रिफ्ट म्हणतात. अशी स्टिक उघडली की ती काळी भुकटी डोळ्यांना दिसते. ती पुसून टाकली तर यंत्र चार-सहा आठवडे ठीक चालते आणि पुन्हा तीच तक्रार येते, कारण झिजलेला पट्टा पुसून भरून येत नाही.

या एका बिघाडाने निन्टेंडोसारख्या कंपनीला किती त्रास दिला, हे साऱ्या जगाने पाहिले आहे. स्विचच्या जॉय-कॉन या कंट्रोलरमधील ड्रिफ्टबद्दल कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना जून २०२० मध्ये भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली, जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने युरोपियन आयोगाकडे तक्रार केली, आणि पुढे कंपनीने युरोपात वॉरंटी संपल्यानंतरही जॉय-कॉन मोफत दुरुस्त करून देण्याचे मान्य केले. तरीही मूळ स्विचची एक गोष्ट मी नेहमी वाखाणतो. त्याचे कंट्रोलर सुटे होते. स्टिक गेली तर जॉय-कॉन बदलावा लागे, पडदा आणि प्रोसेसर असलेले अंग तसेच राहत असे. २०१९ मध्ये त्याच कंपनीने स्विच लाइट आणला, तेव्हा कंट्रोलर कवचातच पक्के केले आणि हा फायदा घालवला. लेनोवोच्या बाबतीतही तेच झाले: लिजन गोचे कंट्रोलर सुटे होतात, नंतरच्या लिजन गो एसमध्ये ते जोडलेलेच आहेत. किंमत आणि वजन कमी करण्यासाठी हे केले जाते हे मला समजते. पण कंट्रोलर पक्का करायचा असेल, तर निदान त्यातील स्टिक तरी सहज सुटेल अशी बसवली पाहिजे.

घासण्याऐवजी लोहचुंबकाच्या साहाय्याने स्थिती ओळखणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये हा पट्टाच नसतो, त्यामुळे ती भुकटीही नसते. हे तंत्र काही काल-परवाचे नाही. सेगाने १९९८ मध्ये ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते वापरले होते. लिजन गोमध्ये ते आहे. स्विच २ मध्ये ते नाही, असे निन्टेंडोने स्वतःच सांगितले. स्विच २ चे कंट्रोलर लोहचुंबकाने यंत्राला चिकटतात. त्याच जागी लोहचुंबकावर चालणारी स्टिक बसवणे सोपे नसणार, हे मान्य करायला मला अडचण वाटत नाही. परंतु ज्या कंपनीने या एका भागापायी इतकी वर्षे मनस्ताप सोसला, तिच्याकडून नव्या यंत्रात अधिक अपेक्षा होती, हे मी आदराने पण ठामपणे नोंदवतो.

आता बॅटरीकडे वळतो, कारण माझ्या मते हातातल्या कन्सोलच्या बाजाराचा निकाल वारंवार तिनेच लावला आहे. १९८९ मध्ये निन्टेंडोचा गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा रंगीत नव्हता आणि त्यामागे दिवाही नव्हता. त्याच्यासमोर अटारीचा लिंक्स होता, लवकरच सेगाचा गेम गिअर आला, आणि दोघांचेही पडदे रंगीत व उजळ होते. पण गेम गिअर सहा सेल घेऊन तीन ते पाच तास चालायचा, तर गेम बॉय चारच सेलवर पंधरा तासांच्या आसपास. गेम बॉयची रचना करणारे गुनपेई योकोई महागड्या नव्या तंत्राऐवजी स्वस्त झालेले, पारखलेले तंत्र नव्या पद्धतीने वापरावे या मताचे होते. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. तेव्हा ज्याचा पडदा फिका होता, तोच बाजारात टिकला.

आजचे गणितही वेगळे नाही. स्टीम डेकच्या पहिल्या आवृत्तीत ४० वॉट-अवरची बॅटरी होती, म्हणजे ४० वॉट वीज घेणारे यंत्र ती तासभर चालवू शकते. प्रोसेसरने पूर्ण १५ वॉट घेतले आणि त्यात पडदा, मेमरी, पंखा, वाय-फाय यांची भर पडली की एकूण खर्च वीस वॉटच्या पुढे जातो, म्हणजे मोठा खेळ लावला तर दोन तासांच्या आतच चार्जर शोधावा लागतो. एसुसच्या पहिल्या ॲलायमध्येही बॅटरी ४० वॉट-अवरचीच होती, आणि प्रोसेसर मात्र त्याहून बराच जास्त वीज घेऊ शकत होता. पूर्ण ताकदीने चालवला तर तो तासाभराने मान टाकतो. याच बाबतीत आपल्यापैकी दोघांनी केलेले चांगले काम मला मुद्दाम नमूद करायचे आहे. व्हॉल्वने नोव्हेंबर २०२३ मध्ये ओलेड पडद्याची आवृत्ती काढताना बॅटरी ५० वॉट-अवरची केली, प्रोसेसर अधिक सूक्ष्म प्रक्रियेवर नेला, आणि वजन ६६९ वरून ६४० ग्रॅमवर आणले. एसुसने २०२४ च्या ॲलाय एक्समध्ये बॅटरी थेट दुप्पट, ८० वॉट-अवरची केली आणि वजन फक्त ७० ग्रॅमने वाढू दिले. वेगाचा आकडा फारसा न हलवता ग्राहकाला खरा फायदा देणारे हे बदल आहेत, आणि नव्या मॉडेलच्या जाहिरातीत अशाच बदलांना पहिले स्थान मिळावे असे मला वाटते.

वजनाचा मुद्दा त्याला लागूनच येतो. २००४ चे सोनीचे पीएसपी २८० ग्रॅमचे होते. आज कंट्रोलरसह स्विच २ सुमारे ५३४ ग्रॅमचा आहे आणि लिजन गो ८५४ ग्रॅमचा. पलंगावर आडवे होऊन खेळणाऱ्याचे मनगट अर्ध्या तासात जे सांगते, ते कुठल्याही तक्त्यात येत नाही.

उष्णतेबद्दल आमच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा व्हॉल्वने जाहीर केले की स्टीम डेक शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत चांगला चालतो, आणि यंत्र फार तापले तर तो आपला वेग कमी करतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पुण्यातही एप्रिलच्या दुपारी ३५ अंश म्हणजे काही विशेष नाही. अशा खोलीत चार्जर लावून खेळले की बॅटरी एकाच वेळी भरत आणि तापत राहते, आणि लिथियमच्या बॅटरीला भरलेल्या अवस्थेतला उकाडा सर्वांत बाधतो. स्टिक आणि बॅटरीप्रमाणे मेमरी कार्डाची खाचही उष्णतेला बळी पडू शकते, हे २०२३ मध्ये एसुसनेच ॲलायच्या बाबतीत मान्य केले होते. ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आता बहुतेकांनी सॉफ्टवेअरमधून दिली आहे, स्टीम डेकला ती मे २०२५ मध्ये मिळाली, आणि त्याबद्दल आपले आभार. पण ती सोय सेटिंगमध्ये कुठे तरी दडलेली असते. यंत्र सतत चार्जरला लावलेले आहे हे त्याला स्वतःला कळत असताना त्याने तसे विचारायला काय हरकत आहे?

बॅटरी थकली की ती बदलणे हाच उपाय उरतो, आणि माझी मुख्य तक्रार तिथे आहे. माझ्याकडे अलीकडे एका मोठ्या कंपनीचे यंत्र आले, बॅटरी फुगून मागचे कवच वर उचलले गेले होते. कवच काढले तर बॅटरी खाली डिंकाने पक्की चिकटवलेली. हीट गनने हळूहळू गरम करायचे, प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने आत सरकवायची, फुगलेली बॅटरी वाकणार नाही आणि टोचली जाणार नाही याची काळजी घेत ती तसूतसूने सोडवायची, आणि हे सारे करताना बाजूला वाळूची बादली ठेवायची. बॅटरीला टोच गेली असती तर टेबलावरच आग लागली असती. ज्याने हे यंत्र घेतले तो महाविद्यालयात शिकणारा मुलगा. त्याने हे घरी करू नये असेच मी त्याला सांगणार, पण मुळात हे काम इतके धोक्याचे का असावे?

कारण याच कंपन्यांनी ते सोपे करून दाखवलेले आहे. निन्टेंडोच्या २००३ च्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपीमध्ये बॅटरी एका छोट्या झाकणाखाली होती आणि त्या झाकणाला एकच स्क्रू होता. डीएस लाइटमध्येही तसेच. सोनीच्या पीएसपीची बॅटरी तर स्क्रूड्रायव्हरशिवाय, बोटाने झाकण सरकवून काढता येई. लांबच्या प्रवासाला निघताना लोक दुसरी बॅटरी खिशात टाकून जात. यंत्रे सडपातळ झाली म्हणून डिंक आला असे म्हणावे, तर स्टीम डेकसारखी यंत्रे त्या पीएसपीपेक्षा जाड आणि दुपटीहून जड आहेत. स्विच २ उघडून पाहिल्यावर आयफिक्सिट या दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने त्याला दुरुस्तीसाठी दहापैकी तीन गुण दिले, आणि चिकटवलेली बॅटरी हे त्याचे एक कारण होते.

उघडण्याच्या सोयीबाबत स्टीम डेकने घालून दिलेला पायंडा मला महत्त्वाचा वाटतो. मागचे आठ स्क्रू काढले, कडेचे चाप सोडवले की आतले सगळे दिसते, आणि स्टिक स्वतंत्र तबकडीवर तीन स्क्रूंनी व एका रिबन केबलने जोडलेली असते. उघडण्याआधी मेमरी कार्ड बाहेर काढायचे मात्र विसरू नये, नाही तर कवच निघताना ते मोडते. एवढी एक खोच रचनेत राहून गेली. पहिल्या आवृत्तीत हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये शिरत असल्याने दोन-चार वेळा उघडल्यावर आटे सैल होत. ओलेड आवृत्तीत टॉर्क्स, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे, स्क्रू आले आणि त्यांच्यासाठी धातूचे आटे बसवले गेले. बाहेरून कोणालाही न दिसणारा हा बदल आहे, त्याचा उल्लेख कोणत्याही खोक्यावर नसतो, पण माझ्यासारख्या कारागिराला त्यातून कळते की यंत्र पुन्हा उघडले जाणार हे कोणी तरी आधीच गृहीत धरले होते. व्हॉल्व आयफिक्सिटमार्फत सुटे भागही विकते. त्याच डेकमध्ये बॅटरी मात्र चिकटवलेली आहे, हे आश्चर्याचे आहे.

हे सुटे भाग भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, कारण स्टीम डेक इथे अधिकृतपणे विकलाच जात नाही. निन्टेंडोची यंत्रेही इथे अधिकृत वितरकाकडून येत नाहीत. तरी दोन्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, दुबईहून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानात येतात, आणि वॉरंटीविना हातोहात खपतात. एसुसने जुलै २०२३ मध्ये ॲलाय भारतात ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे आणला, तेव्हा इथे मागणी आहे हे उघड झाले. मध्यमवर्गीय घरातला मुलगा एवढे पैसे एखाद्या यंत्रावर घालतो तेव्हा ते पाच-सात वर्षे चालावे, धाकट्या भावंडाकडे जावे, आणि मग सेकंडहँड विकले जावे ही त्याची अपेक्षा असते. तिला आपल्या आराखड्यात जागा नसेल, तर या बाजारात येण्याचे आपले बेत अपुरे आहेत.

दुरुस्ती सोपी केली तर नवे यंत्र कोण घेईल, ही शंका आपल्या विक्री विभागाला येत असणार. इथे आपल्या सगळ्यांचे हितसंबंध सारखे नाहीत, हे मला नीट समजते. व्हॉल्व आपल्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकल्या जाणाऱ्या खेळांच्या किमतीत साधारण ३० टक्के वाटा घेते, म्हणून तिला पहिला डेक ३९९ डॉलरांत देणे परवडले. निन्टेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांचीही आपापली दुकाने आहेत. अशा कंपनीसाठी यंत्र जितकी जास्त वर्षे हातात राहील तितके जास्त खेळ विकले जातील. पाचव्या वर्षी बॅटरीपायी बंद पडलेले कन्सोल म्हणजे त्या दुकानाचे एक गिऱ्हाईक कमी. स्विच १५ कोटींहून अधिक विकला गेला आणि स्विच २ पहिल्या चार दिवसांत ३५ लाख; यातले बरेच ग्राहक वर्षानुवर्षे त्याच दुकानातून खेळ घेत आलेले आहेत. एसुस, लेनोवो आणि एमएसआय यांची अडचण वेगळी: त्यांना नफा यंत्रातूनच काढावा लागतो, म्हणून त्यांची यंत्रे महाग असतात आणि नवे मॉडेल लवकर काढण्याचा मोह त्यांना अधिक होतो. एक्सबॉक्स ॲलाय एक्स अमेरिकेत ९९९.९९ डॉलरांना आला, तर स्विच २ ४४९.९९ डॉलरांना. दुपटीहून अधिक किंमत मोजणाऱ्याला सुट्या भागांची आणि दीर्घकाळच्या सेवेची हमी द्या; खेळांचे दुकान नसलेल्या कंपनीला ग्राहक बांधून ठेवण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. स्टीम डेकवर बटण दाबले की खेळ जागच्या जागी झोपतो आणि पुन्हा दाबले की तिथूनच उठतो. विंडोजवरच्या कन्सोलमध्ये ही साधी गोष्ट अजून भरवशाची नाही, आणि पिशवीत ठेवलेले यंत्र मधेच जागे होऊन तापल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात. लेनोवोने लिजन गो एससाठी स्टीमओएस, म्हणजे स्टीम डेकचीच कार्यप्रणाली, स्वीकारली, त्यावर स्वतंत्र चाचण्यांत अनेक खेळ विंडोजपेक्षा चांगले चालले, आणि मायक्रोसॉफ्टनेही हातातल्या यंत्रांसाठी पूर्ण पडद्याची वेगळी मांडणी आणली. ही स्पर्धा योग्य दिशेने चालली आहे, तेव्हा तिच्यावर अधिक लिहीत नाही.

आता विनंतीकडे येतो. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतांश छोट्या उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः, बाजारात सहज मिळणाऱ्या हत्यारांनी, उष्णता किंवा द्रावण न वापरता काढता आणि बदलता आली पाहिजे, आणि मॉडेलचे शेवटचे नग बाजारात आल्यानंतर निदान पाच वर्षे ती सुटी मिळाली पाहिजे. याच युनियनने हातातल्या कन्सोलनाही यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचे केले, २८ डिसेंबर २०२४ पासून, आणि आज ते जगभर सर्वांना मिळते आहे, कारण चार्जिंगचे तोंड देशागणिक बदलणे कोणालाच परवडत नाही. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा, म्हणजे यंत्र दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणाऱ्या गुणांकनाचा, अहवाल दिला आहे, पण त्याची सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून होणार आहे. कन्सोलची पाळी कधी येईल याची वाट पाहत आम्हाला बसावे लागू नये असे वाटते.

म्हणून आपणांस विनंती की, २०२७ साठी आपण ज्या यंत्रांचे आराखडे आज काढत आहात, त्यांत डिंकाशिवाय बसवलेली बॅटरी, स्क्रूने सुटणारी स्टिक आणि धातूचे आटे हे युरोपपुरते न ठेवता सर्व देशांसाठी एकच ठेवावे, आणि ज्या देशात यंत्र अधिकृतपणे विकत नाही तिथेही बॅटरी व स्टिक हे दोन भाग तरी कारागिरांना थेट आपल्याकडून मागवता यावेत. यांपैकी कोणती गोष्ट आपण करणार आहात आणि कोणती नाही, हे नव्या मॉडेलच्या घोषणेबरोबरच जाहीर करावे. पडद्याचे इंच आणि वॉट जिथे छापता, तिथेच बॅटरी बदलायला किती स्क्रू लागतात तेही छापावे. तो आकडा वाचून ग्राहकाला कोणते यंत्र घ्यावे हे सांगायला माझ्यासारखे पुष्कळ लोक तयार आहेत.

कळावे.

आपला,
कन्सोल दुरुस्त करणारा एक कारागीर, पुणे